ठसा आपला, हात आपला

(तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला भाषण ठोकायचं नाही. हत्यारं दाखवायचीत. या टेबलावर चपलेच्या सोलचा रबराचा तुकडा आहे, रापी आहे, जेवणाचा चमचा आहे, एक लाकडी चौकट आहे आणि जुन्या ऑरगंझा साडीचा तुकडा आहे. एवढ्यात छापखाना होतो. खोटं वाटत असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा, स्वतःच्या हातानं छापा आणि घरी घेऊन जा.

त्याआधी एक सवाल. चौदा एप्रिलला आपल्या नाक्यावर फ्लेक्स लागतो. त्यावर कोण असतं? नगरसेवक, नगरसेवकाचा भाचा, भावी आमदार, आधारस्तंभ म्हणून एखादा बिल्डर. वीस-पंचवीस थोबाडं. आणि बाबासाहेब? वरच्या कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढे. ज्याचा पैसा त्याचा चेहरा, हा सरळ हिशोब आहे. गटारात माणसं उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला, तरी माणसं उतरतात आणि गुदमरून मरतात. हे त्या फ्लेक्सवर कधी वाचलंत? वाचणार नाही. फ्लेक्सचं बिल भरणारा आपलं दुःख कशाला छापील?

म्हणून छापण्याचं साधन कुणाच्या हातात, हा कलेचा प्रश्न नाही. सत्तेचा आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढलं. दुसऱ्याच्या कागदावर आपल्याला जागा मिळत नाही हे ओळखलं, आणि पुढं स्वतःचा छापखाना उभा केला. दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ च्या पहाटे पाडला गेला. माणसं झोपेत असताना. यंत्र एका जागी असलं की ते असं पाडता येतं. पन्नास खोल्यांत पन्नास ठसे असले तर कुठल्या कुठल्या खोलीत बुलडोझर घालतील?

हा मार्ग नवा नाही. १९३१ च्या ऑगस्टमध्ये शांघायला लू शुन या लेखकानं तेरा पोरं जमवली आणि सहा दिवस लाकूडठशाचा वर्ग भरवला. शिकवणारा जपानी, आणि दुभाषाचं काम खुद्द लू शुननं केलं. एवढा मोठा लेखक, पण बाजूला बसून 'पटाशी अशी धरा' हे समजावत होता. त्या वर्गातून चीनमधली लाकूडठशाची चळवळ उभी राहिली.

पॅरिसला मे १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी कलाशाळा ताब्यात घेतली. पहिलं पोस्टर शिळाछापावर काढलं, ते फार हळू निघालं, म्हणून स्क्रीनवर आले. कुठलं पोस्टर छापायचं हे सभेत ठरायचं, आणि पोस्टरवर कुणाची सही नसायची. आपल्याकडं पोस्टरपेक्षा सौजन्य मोठं असतं, त्यांना ही गोष्ट सांगा.

आणि आपल्याच मुंबईत, अंधेरीला, चित्तप्रसाद राहून गेला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तो मेदिनीपूर जिल्ह्यात फिरला, भुकेल्यांची चित्रं काढली. त्याच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारनं जप्त करून जाळल्या. १९७८ साली तो वारला. त्याचे लिनोकट शोधून बघा, राबणारी लहान पोरं बघा. काळा आणि पांढरा, दोनच रंग. तिसऱ्याची गरज पडत नाही.

आता कामाला लागू.

पहिला ठसा. लिनोलियम मिळालं तर उत्तम. नाहीतर सोलची सपाट, बिनदाण्याची रबर शीट घ्या. चपला-बुटांचा धंदा जिथं चालतो तिथं कातरणीचे तुकडे मिळतात. पातळ कागदावर पेन्सिलीनं गडद चित्र काढा, कागद रबरावर पालथा घाला, पाठीवरून नखानं घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, आणि छापल्यावर सुलटं येतं. अक्षरांना तर हे विसरायचंच नाही. पुसट उतरलं तर वरून पेनानं गिरवा.

रापीनं कडा कापा. बारीक रेघेला रापी चालत नाही, तिथं इंग्रजी व्ही आकाराची कोरणी लागते. कोरणी नसेल तर ब्लेडनं दोन तिरके छेद द्या, मधली सळी उचलून निघते. जे कोरून काढाल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. मराठी अक्षराला एक फायदा आहे. शिरोरेघ सगळ्या शब्दाला धरून ठेवते. आधी ती जाड राखा, मग खालची अक्षरं कोरा. आणि एक नियम. कोरणी नेहमी अंगापासून दूर ढकलायची आणि दुसरा हात कोरणीच्या मागं ठेवायचा. पुढं ठेवलेला हात आज ना उद्या फाटतो.

शाई छापखान्याची, तेलाची. काचेवर रोलरनं पातळ पसरवा. रोलर चिकट चर्रर्र आवाज करायला लागला की शाई बरोबर बसली. ठशावर फिरवा, कागद ठेवा, चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे घासा. सावकाश. एक कोपरा उचलून बघा, कुठं कमी आलं असेल तर परत ठेवून घासा. शे-दोनशे प्रती एका ठशातून आरामात निघतात. ठसा पुसायला खाण्याचं तेल, मग साबण.

दुसरी स्क्रीन. ठसा एका चित्राला उत्तम, पण चार ओळींचा मजकूर हवा, टी-शर्ट हवेत, तर स्क्रीन. सागाच्या किंवा साध्या पट्ट्यांची चौकट करा, आतून चौदा बाय अठरा इंच. बोल्टिंग क्लॉथ परवडलं तर ते, नाहीतर ही साडी. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं ताणत खिळे मारा. बोटानं टिचकी मारली की हलगीसारखं वाजलं पाहिजे. ढिला पडदा म्हणजे फाटकी अक्षरं. चौकट दोन बिजागऱ्यांनी फळीवर बसवा म्हणजे प्रत्येक प्रत एकाच जागी छापते. आणि चौकटीखाली दोन नाण्यांएवढी फट ठेवा, म्हणजे स्क्वीजी पुढं गेली की कापड कागदापासून सुटतं.

स्टेन्सिल वर्तमानपत्राच्या कागदाचं कापा. भिंतीवरच्या पत्र्याच्या स्टेन्सिलमध्ये म, भ, व यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, त्याला पूल ठेवावा लागतो. स्क्रीनवर ती भानगड नाही. सुटा तुकडा जागेवर ठेवा, पहिल्या ओढीला शाईच त्याला कापडाला चिकटवते. स्क्वीजी तिरकी धरा आणि एका दमात ओढा, मध्ये थांबायचं नाही. जास्त प्रती हव्या असतील तर पाण्याची शाई घ्या आणि बंद करायचा भाग नेलपॉलिशनं रंगवा. पाण्यानं ते सुटत नाही.

बाजारातले लोक तुम्हाला फोटो इमल्शन आणि बायक्रोमेट सांगतील. काम सुंदर होतं, पण बायक्रोमेट विष आहे. त्यातल्या क्रोमियमनं कातडी फाटते, त्यानं कॅन्सर होतो. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथं लेकरू झोपतं आणि आई भाकरी थापते, तिथं ते आणायचं नाही. थिनरही नाही. गॅसच्या शेगडीशेजारी थिनरचा डबा म्हणजे आपल्याच हातानं झोपडी पेटवणं. आपल्या माणसांची फुप्फुसं कारखान्यांनी आधीच बरीच खाल्लीत. चळवळीच्या नावानं उरलेली आपण खायची नाहीत.

कायदाही माहीत असू द्या. निवडणुकीचं पत्रक असेल तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. घरी छापलं म्हणून सुटका नाही. परवानगीशिवाय भिंत रंगवली तर १९९५ चा विद्रूपणाचा कायदा आहे. शंभर फ्लेक्सवाल्यांना सोडून तो पहिला कुणाला लागेल, हे सांगायला नको.

आता मघाशी एका दोस्तानं विचारलेला खरा प्रश्न. तो म्हणाला, "माझ्या बापानं रापी टाकली म्हणून मी कॉलेजात गेलो. तुम्ही परत माझ्या हातात रापी देता?"

प्रश्न जबर आहे. टाळता येत नाही. रापी वाईट नव्हती रे. ती जन्मानं गळ्यात बांधली, हे वाईट होतं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिलं की जात कामाची नुसती वाटणी करत नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते. एकानं विचार करायचा, दुसऱ्यानं राबायचं. पोथी त्याची, कातडं याचं. इथं मजकूर लिहिणारा, कोरणारा, छापणारा आणि वाटणारा माणूस एकच आहे. डोकं आणि हात एका धडावर परत आणणं, हे बापाच्या धंद्यात परत जाणं नव्हे. ज्याला नको त्यानं कोरू नये, सक्ती झाली की परत जातच झाली. आणि पोरांनी कोरायचं, पोरींनी कागद वाळत घालायचे, ही वाटणीही इथं चालणार नाही. ती दुसरी वर्णव्यवस्थाच.

मोबाईल आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, वापरा. पण मोबाईलवरचा मजकूर पुढच्या मजकुराखाली गाडला जातो. नेट बंद झालं की मुका होतो. दारावर चिकटवलेला कागद आजी वाचून घेते, पाण्याच्या रांगेत त्यावर भांडण होतं. आपल्याला ते भांडण पाहिजे.

पहिल्या कागदावर काय छापायचं ते तुम्ही ठरवा. नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता यायला पाहिजे, एवढंच छापलंत तरी चालेल. फक्त कुणाचं थोबाड छापू नका.

चला, बाह्या वर करा. जय भीम.