जुनं विमान सांभाळताना

परभणीला विमानतळ नाही. विमान बघायचं तर नांदेड गाठा, नाहीतर लातूर. तरीही जुन्या छोट्या विमानांवर बोलायला मी इथं आनंदानं आलो, कारण या विषयाचा एक पदर कापसाशी जोडलेला आहे आणि कापूस तुम्हाला मी सांगायला नको.

पूर्वीच्या बहुतेक छोट्या विमानांना पत्र्याचं अंग नव्हतंच. आत पोलादी नळ्यांचा किंवा लाकडाचा सांगाडा, वरून ताणून बसवलेलं कापड. पॉलिएस्टर येण्याआधी ते लिननचं असे किंवा लांब धाग्याच्या कापसाचं. अमेरिकेत ‘ग्रेड ए’ म्हणून जे सुती कापड ठरलं होतं, त्याच्या एक इंच रुंद पट्टीनं ८० पौंडांचा ताण सोसला पाहिजे, अशी अट होती. वापरता वापरता ताकद ५६ पौंडांच्या खाली गेली की कापड बाद. विमान बाहेरून कितीही झकपक दिसो.

हे कापड चढवणं बघण्यासारखं असतं. पंख उभा धरतात, दोन्ही बाजूंना एकेक माणूस. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. आपला गादीवाला आरपार टाके घालतो ना, तसंच. फक्त इथं प्रत्येक टाक्याला गाठ आणि दोन टाक्यांतलं अंतर ठरलेलं. मग ‘डोप’ नावाच्या लेपाचे हात. ते वाळताना कापड आक्रसून ताठ होतं. त्या वासानं डोकं दुखतं, पण ज्यांनी हँगरमध्ये उमेदवारी केली त्यांना तो पुढं जन्मभर आवडतो. त्यावर ॲल्युमिनियमची पूड घातलेला रुपेरी थर. तो शोभेसाठी नाही. कापडाचा खरा वैरी ऊन, ते अडवायला.

असं कापडी विमान आपल्या माणसानंही केलंय. डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले. तो कारखाना १९४० साली उभा केला वालचंद हिराचंद यांनी, म्हणजे सोलापूरच्या माणसानं. घाटगे यांच्या देखरेखीखाली झालेलं ‘पुष्पक’ २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं. दोन माणसांचं, ९० अश्वशक्तीचं. दीडशेवर पुष्पक बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटली गेली. एका पिढीनं त्यावर हात बसवला. आज बहुतेक हँगरच्या कोपऱ्यात तरी गेली किंवा संग्रहालयात.

का गेली? लोक म्हणतात, श्रीमंतांचा नाद, पैसा संपला की संपला. मला हे पटत नाही. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ते पस मॉथ विमानातून. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. त्यांचं धाडस सगळ्यांना आठवतं. मला मात्र कौतुक वाटतं ते त्या जुन्या यंत्रावर ‘उडण्यास योग्य’ अशी सही करणाऱ्यांचं. अशी सही करणारी माणसं आणि त्यांची जागा टिकली तर विमान टिकतं. नुसत्या पैशानं नाही.

हिशेबच बघा. १९५८ ते १९७७ या काळात बनलेलं सेसना १५० अमेरिकेत आजही चांगल्या मोटारीच्या किमतीत मिळतं. खर्च सुरू होतो त्यानंतर. डोक्यावर छप्पर हवं. ॲव्हगॅस, म्हणजे शिसं घातलेलं विमानाचं पेट्रोल हवं. पंपावरचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालत नाही. ॲव्हगॅस २०२२पर्यंत आपण सगळं बाहेरून आणत होतो, मग इंडियन ऑइलनं गुजरातच्या रिफायनरीत ते करायला घेतलं. आणि परवानाधारक इंजिनिअर हवा, जो कापड, लाकूड, नळी जाणतो. जेटवर शिकलेल्या पोराला टाका घालता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याला ते कुणी दाखवलंच नाही.

शिवाय कागद. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये. ते तर नवं विमान. जुन्याच्या प्रत्येक सुट्या भागाला स्वतःचा इतिहास असतो आणि तो लिहिलेला लागतो. नियम जाचक वाटतात खरे, पण मी नियमांच्याच बाजूचा आहे; वर काही बिघडलं तर कडेला गाडी लावता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी खरंच घ्यायला निघालात तर आधी लॉगबुक मागा, विमान नंतर बघा. इंजिन शेवटचं कधी उघडलं, किती तास चाललं, मधली वर्षं कुठं उभं होतं, ते वाचा. उभं राहिलेलं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर गंजतं. मग शेपटीकडं जा. जुनी कापडी विमानं बहुतेक शेपूट टेकून उभी राहतात, त्यामुळं पाणी मागं सरकतं आणि खालच्या नळ्या तिथं आतून सडतात. वरचा रंग ताजा असेल तर तिथंच जास्त वेळ घालवा, आणि विकणारा घाई करू लागला तर परतीची गाडी धरा.