भिंतीवरची पेटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असा आग्रह झाला, तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची मला सवय नाही. पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुम्ही कारखान्यातली औषधाची पेटी सांभाळता ना? तेवढेच सांगा." म्हणून तेवढेच सांगते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलांचा लहानसा कारखाना आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरची चूल अशाच मागांवर पेटते. मागावर काम म्हणजे कधी धोटा उडतो, कधी पट्ट्यात बोट सापडते, कधी रंगाचे कढत पाणी अंगावर येते. आमच्याकडेही प्रथमोपचाराची पेटी होती. पांढरी, नीटनेटकी, हिशेबाच्या टेबलामागे भिंतीवर लावलेली. कायद्याला हवी म्हणून ती होती.

या गोष्टीला आता चार वर्षे झाली. मी दुपारी ह्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते. तेवढ्यात कांड्या भरणाऱ्या आमच्या अक्कांचे बोट यंत्राच्या पट्ट्यात सापडले. रक्ताची धार लागली. मी पेटीकडे धावले, तर तिला कुलूप. किल्ली ह्यांच्या खिशात आणि हे गावात गेलेले. एका मुलाने कुलूप फोडले. आत काय निघाले? बीडीचे बंडल, विजेची जुनी बिले, वाळून खडखडीत झालेले मलम, आणि एक उघडी गुंडाळपट्टी, धुळीने काळी पडलेली. शेवटी गठ्ठ्यातला एक कोरा टॉवेल ओढून मी बोट घट्ट दाबून धरले आणि रिक्षाने दवाखाना गाठला.

बोट वाचले. पण टाके पडले, आणि अक्कांना कितीतरी दिवस कांडी हातात धरता आली नाही. त्यांनी आम्हांला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच मला फार लागले. ज्यांच्या हातांवर आमचे घर चालते, त्यांच्या हातासाठी आमच्याकडे एक स्वच्छ पट्टी नव्हती.

त्या रात्री मी विचार केला, की माझ्या स्वयंपाकघरात मीठ संपले तर मला त्याच दिवशी कळते. मग पेटी रिकामी झालेली कुणालाच का कळू नये? कारण उघड आहे. मिठाचा डबा रोज उघडतो आणि तो माझा आहे. पेटी रोज उघडत नाही आणि ती कुणाचीच नसते. १९४८ च्या कारखाना कायद्यातही लिहिलेले होते, की दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी असावी, तीत ठरलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काही ठेवू नये, आणि ती एका जबाबदार, प्रथमोपचार शिकलेल्या माणसाच्या ताब्यात असावी. पुढे कायदे बदलले, पण यातले शहाणपण काही जुने झालेले नाही.

मी ती पेटी माझी म्हणून मागून घेतली. हे हसले. म्हणाले, "आता काय कंपाउंडर होणार काय?" मी म्हटले, "होईन की!"

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी पेटी पुरती रिकामी करते, पुसते आणि झाकणाच्या आत चिकटवलेल्या यादीशी एकेक वस्तू ताडून पाहते. पाकीटबंद निर्जंतुक पट्ट्या, गुंडाळपट्ट्या, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, जंतुनाशक औषध, डोळे धुण्याचे सलाईन. प्रत्येकावरची मुदत वाचते. पाकीट फाटले असेल तर मुदत असूनही काढून टाकते. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली मलम वितळते, चिकटपट्टीचा डिंक सुटतो. म्हणून पेटी उन्हाच्या भिंतीवरून सावलीच्या भिंतीवर नेली. कुलूप काढले. शेजारी एक वही टांगली. जो वस्तू घेईल त्याने ती लिहायची, आणि मी दुसऱ्या दिवशी भरून ठेवायची. झाकणावर १०८ हा रुग्णवाहिकेचा आकडा मोठ्या अक्षरांत मराठीत आणि तेलुगूत लिहून घेतला. डोकेदुखीच्या गोळ्या मी पेटीत ठेवत नाही. कुणाला कुठले औषध सोसत नाही, हे आपल्याला काय ठाऊक?

पेटी भरली तरी हात शिकलेला हवा. रेडक्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स अशा संस्था हे शिक्षण देतात. भाजले तर हळद, टूथपेस्ट काही लावू नये. वीस मिनिटे साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे, सारखे उचलून पाहू नये. डोळ्यात काही रुतले तर ते काढू नये, चोळू नये, दवाखान्यात न्यावे.

१८ मे २०२५ च्या पहाटे आपल्याच वसाहतीत टॉवेलाच्या एका कारखान्याला आग लागली आणि ८ जीव गेले. त्यांत लहान मूलही होते. पेटीने अशी आग विझत नाही, हे मलाही कळते. पण त्या दिवशी वसाहतीत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. संध्याकाळी हे आपण होऊन म्हणाले, "पेटी पाहिलीस का? आणि ते आग विझवायचे नळकांडे कधी भरले होते, तेही बघ." तेव्हापासून माझ्या वहीत त्या नळकांड्याचेही एक पान आहे. अक्काही आता पहिल्या सोमवारी माझ्याबरोबर उभ्या राहतात. मी यादी वाचते, त्या वस्तू मोजतात.

भगिनींनो, आपल्यापैकी कुणी शिलाईला जाते, कुणी विड्यांच्या कारखान्यात, कुणाचे यजमान मागावर आहेत. उद्या तिथे गेल्यावर एवढेच विचारा, "पेटी कुठे आहे आणि ती कुणाची आहे?" उत्तर आले नाही, तर "माझी" म्हणा आणि उघडून पाहा. आपल्या मंडळाच्या या खोलीतही अशी एक पेटी हवी. पहिल्या वस्तू मी आज बरोबर आणल्या आहेत. त्या स्वीकाराव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.