सत्कार नको म्हणणाऱ्या मैत्रिणीबद्दल

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत या वेळेला 'कोविड योद्ध्यांचा सत्कार' असं छापलेलं आहे. समितीने आपल्या तुकडीतली चार नावं काढली होती: दोन डॉक्टर, एक लॅब टेक्निशियन आणि एक नर्स. त्यातल्या नर्सबाईंनी शाल-श्रीफळ घ्यायला नकार दिला. मग उरलेले तिघेही म्हणाले, ती नाही तर आम्हीही नाही. आता पंधरा मिनिटं रिकामी राहिली, तेव्हा 'का नको ते तू सांग' म्हणून तिने मला पुढे केलं. ती समोरच बसली आहे. नाव घ्यायचं नाही अशी तंबी आहे, म्हणून घेत नाही. तुम्ही ओळखलंच आहे.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. आमच्या कंपनीचे सर्व्हर बंद पडू न देणं हे माझं काम. त्यात रात्रीची पाळी असते, आणि तिलाही असते, म्हणून गेली पाच वर्षं आमचे फोन बहुतेक पहाटे तीनच्या सुमाराला होतात. आज सांगते आहे ते त्या फोनांतलं, आणि तिच्या परवानगीने.

२०२० च्या एप्रिलमध्ये तिची ड्यूटी कोविड वॉर्डात लागली. शहरातलं मोठं सरकारी रुग्णालय. पीपीई किट एकदा चढवलं की सहा तास काढायचं नाही, कारण काढलं की ते वाया आणि किट मोजून मिळायची. म्हणून ड्यूटीच्या आधी दोन तास पाणी बंद. तरीही भरवसा नाही म्हणून मोठ्यांचे डायपर. चष्म्यावर वाफ धरायची, मग शीर डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधायची, तीही दोन-दोन हातमोज्यांतून. सगळ्याच पांढऱ्या बाहुल्या, कोण कोण ते कळेना, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचं. एक आजोबा तिला रोज विचारायचे, "कालच्याच का तुम्ही?" आवाजावरून ओळखायचे.

हे सगळं ती हसत सांगते. जे हसत सांगत नाही ते २०२१ च्या एप्रिलचं. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असावी असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक आहे. तिच्याकडे त्या महिन्यात आठ रुग्णांना दोघी होत्या. खाट कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवत, पण दाराशी येऊन नातेवाइकांना 'नाही' सांगायला तीच जायची. ऑक्सिजनचा दाब दर अर्ध्या तासाने बघायचा. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला टाकीची गळती होऊन ऑक्सिजन तुटला आणि वीसहून जास्त रुग्ण गेले, त्यानंतर तर घरी गेल्यावरही तिला झोपेत तो काटा दिसायचा. रुग्णाचा मुलगा परदेशात, आपण त्याच्या वडिलांच्या तोंडासमोर फोन धरून उभं राहायचं, आणि मुलगा 'बाबा' म्हणतोय तेव्हा हात हलू द्यायचा नाही. हे नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

आणि तरीही ती त्या वेळी मोडली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मोडली ती २०२२ मध्ये, वॉर्ड रिकामे झाल्यावर. तिला रडू येईना. कोणी गेलं तरी काही वाटेना. 'खाट नंबर सात' म्हणायची, माणसाचं नाव लक्षात राहीना. एकदा मला म्हणाली, "मी चांगली नर्स होते गं, आता नुसती हजेरी लावते." थकवा झोप काढली की जातो. हा जात नव्हता.

याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. मराठीत मला 'करपणं' जवळचं वाटतं. दूध वरून पांढरंशुभ्र दिसतं, तळाला करपलेलं असतं, आणि वास येईपर्यंत कोणाला पत्ता नसतो. हा शब्द या अर्थाने रूढ केला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने, १९७४ मध्ये. तो न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करायचा आणि तिथल्या स्वयंसेवकांचं काय होतं ते त्याने लिहिलं. म्हणजे या शब्दाचा जन्मच सेवा करणाऱ्यांच्या खोलीत झालेला आहे. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणं मांडली: पार गळून जाणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटणं. मैत्रिणीने ती न वाचताच तिन्ही सांगितली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की होणारी गोष्ट, असं म्हटलं. म्हणजे उपाय शोधायचा तर कामाच्या ठिकाणी शोधायला हवा.

इथे माझा धंदा कामी येतो. सर्व्हर कधीही शंभर टक्के भरून चालवत नाहीत. रांगेचं एक साधं गणित आहे. यंत्र निम्मं गुंतलेलं असेल तर एका कामाला जितका वेळ लागतो, सरासरी तितकंच थांबावं लागतं. ऐंशी टक्के गुंतलं की चौपट, नव्वदला नऊपट, पंच्याण्णवला एकोणीसपट. (देशपांडे सर असते तर फळ्यावर आलेख काढून दाखवला असता.) म्हणून आम्ही मुद्दाम काही यंत्रं रिकामी ठेवतो, आणि कोणी त्याला उधळपट्टी म्हणत नाही. रुग्णालयात मात्र रिकामी खाट आणि बसलेली नर्स दिसली की ते जास्तीचं वाटतं. साथ यायच्या आधीच जिथे माणसं नव्वद टक्क्यांवर चालली होती, तिथे साथ आल्यावर दुसरं काय होणार? जी जागा यंत्रणेत ठेवलेली नव्हती, ती या लोकांनी स्वतःच्या शरीरातून काढून दिली. आणि आपण त्याचं कौतुक केलं, काय चिवट माणसं आहेत!

कौतुक तर भरपूर झालं. २२ मार्च २०२० ला मीही बाल्कनीत थाळी वाजवली, आणि मनापासून वाजवली. ३ मेला हवाई दलाने रुग्णालयांवर फुलं टाकली. याच दिवसांत तिच्या बरोबरच्या एका मुलीला घरमालकाने खोली सोडायला सांगितली. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले इतके वाढले की २२ एप्रिलला केंद्राला वटहुकूम काढावा लागला. फुलं आणि वटहुकूम यांत अकरा दिवसांचं अंतर आहे. 'योद्धा' या शब्दावर तिचा राग आहे तो यामुळे. योद्ध्याने सुट्टी मागायची नसते, आणि पडला तर हुतात्मा होतो, त्याला कोणी 'मनुष्यबळ किती होतं?' विचारत नाही.

तिला मदत मिळाली नाही असं नाही. ताण कसा हाताळावा यावर वेबिनार झाला, रात्री आठला, ड्यूटी संपल्यावर. ती म्हणाली, "प्राणायाम मला येतो गं. मला रविवार हवा होता." समुपदेशकाकडे जायचं तर 'हिला झेपत नाही' असा शिक्का बसेल ही भीती. ही भीती फक्त इथली नाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये जीवन संपवलं, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी हेच सांगितलं, की मदत मागितली तर परवान्यावर गदा येईल असं त्यांना वाटत होतं. २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावाने कायदा झाला.

मग तिला कशाने बरं वाटलं? मी खोदून विचारलं. एक इन्चार्ज सिस्टर होत्या, त्या पाळ्यांचा तक्ता पंधरा दिवस आधी लावायच्या आणि बदलायच्या नाहीत. जोडीदारीण रोज तीच. किट उतरवल्यावर कोणीतरी न सांगता चहा पुढे करायचं. आणि झोपायला कडी असलेली खोली. बस, एवढंच.

आमच्याकडे मोठा बिघाड झाला की नंतर सगळे बसतात. कोणाचं चुकलं ते विचारायचं नाही, कसं घडलं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचं ते लिहून काढायचं, असा नियम. याला आम्ही पोस्टमॉर्टेम म्हणतो, इस्पितळाच्या संदर्भात हा शब्द जरा विचित्र वाटतो. तिच्या वॉर्डात दोन लाटा गेल्या आणि अशी एकही बैठक झाली नाही. लाट ओसरली तशी कंत्राटी मुलींची कंत्राटं संपली, आणि उरलेल्यांवर जुनंच काम परत आलं.

आता मुद्द्याचं. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, जिथे आज आपले आईवडील जातात, रात्रपाळीच्या सिस्टर कपाटाच्या आडोशाला कपडे बदलतात. मी परवा जाऊन बघून आले. पहिल्या मजल्यावर स्टोअरशेजारी एक खोली मोडक्या खुर्च्यांनी भरलेली आहे. सत्कारासाठी काढून ठेवलेले पैसे आणि स्मरणिकेच्या जाहिरातींतून उरलेले, एवढ्यात दोन खाटा, पंखा, आतून कडी, चहाची किटली आणि शेजारच्या संडासात पाण्याचा नळ होतो. हिशेब करून आणलाय. रिकामी पदं भरणं आपल्या हातात नाही, त्यासाठी वेगळं पत्र जाईल आणि त्याचा पाठपुरावा आपले वकीलसाहेब करणार आहेत, त्यांनी कबूल केलंय आणि तुम्ही सगळे साक्षीदार आहात.

खोलीचा अर्ज रुग्ण कल्याण समितीच्या नावाने लिहिलाय. बाईंनी तो काल वाचला आणि लाल पेनाने तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत दिला. नवी प्रत चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे, सह्या तिथेच करा. पहिली सही तिची आहे.