तळ हलतो, सैन्य ताणले जाते



दहशतवाद्यांचा तळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एखादी छावणी उभी राहते. प्रत्यक्षात त्यांचे बळ एका जागी न थांबण्यात असते. पीरपंजालच्या दक्षिणेला, जम्मू विभागात, गेल्या काही वर्षांत जे घडले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

२००३ साली सैन्याने ‘सर्पविनाश’ मोहिमेत पूंछ जिल्ह्यातील हिलकाका येथील ठाणी उद्ध्वस्त केली. त्या यशात स्थानिक गुज्जर-बकरवाल समाजाचाही वाटा होता, हे विसरता कामा नये. पुढे प्रदेश बराच शांत झाला. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० वीर धारातीर्थी पडले आणि जम्मूतील राष्ट्रीय रायफल्सचे ‘युनिफॉर्म फोर्स’ लडाखकडे हलवावे लागले. चीनसमोर उभे राहणे अपरिहार्यच होते. दोष कुणाला देणार? पण विरळ झालेला पहारा शत्रूने नेमका हेरला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पूंछच्या जंगलात ९ जवान हुतात्मा झाले. जून २०२४ मध्ये रियासीत यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार झाला आणि ९ जण मृत्युमुखी पडले. जुलैत कठुआत ५ जवान गेले, आठवड्याभरात डोड्यात एका कॅप्टनसह ४. कोठे पूंछ आणि कोठे कठुआ!

जंगलात मूठभर बंदूकधारी फिरतात. त्यांच्या मागावर हजारो जवान गुंततात. अखेर नक्षलविरोधी कामगिरीवरील सीमा सुरक्षा दलाच्या दोन बटालियन ओडिशातून जम्मूकडे आणाव्या लागल्या. आणि पुढचा मोठा घाव बसला तो पुन्हा काश्मीर खोऱ्यात! २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ निरपराध मारले गेले. त्यांत डोंबिवली, पनवेल, पुण्याचे सहा जण होते. मे महिन्यात ‘सिंदूर’ मोहिमेत नऊ तळांवर प्रहार झाला. काही महिन्यांतच जैश व हिजबुल आपले तळ खैबर पख्तुनख्वात हलवीत असल्याची वृत्ते आली.

राजौरीतील ढांगरीची हकीकत सांगून थांबतो. १ जानेवारी २०२३ च्या सायंकाळी तेथे घराघरांवर गोळीबार झाला. दुसऱ्या सकाळच्या स्फोटात दोन बालके गेली; एकूण सात बळी. त्या सायंकाळी हल्लेखोरांवर उलट गोळी झाडली ती गावातल्याच एका ग्रामरक्षकाने, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीतून. त्यानंतर या भागातील ग्रामरक्षकांना नवी शस्त्रे व प्रशिक्षण देण्यास आरंभ झाला.