हिरवी चौकट, लाल चौकट

(रौप्यमहोत्सवी समारंभात मावळत्या खजिनदारांनी व्यक्त केलेले मनोगत)



खजिनदार उभा राहिला की हिशेब ऐकावा लागणार, अशी धास्ती असते. पण मी आज एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक माझीच होती.

मेंटेनन्सची नोंद पूर्वी वहीत व्हायची. ती मी एक्सेलमध्ये आणली. खाली खाली ४८ फ्लॅट, आडवे १२ महिने. पैसे आले की चौकट हिरवी, बाकी असेल तर लाल. दर वेळी रंग निवडत बसायचा कंटाळा, म्हणून चार-सहा ओळींचा मॅक्रो लिहिला. चौकटीवर क्लिक केलं की लालची हिरवी, हिरवीची लाल. समितीत वाहवा झाली. मीही खूश!

गोम पुढेच होती. मी वापरलेला 'सिलेक्शन चेंज'चा मॅक्रो नुसत्या क्लिकने चालत नाही. बाणाच्या बटणाने खाली सरकलात तरी वाटेतली प्रत्येक चौकट रंग बदलते. आणि मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने मागे फिरत नाही.

एकदा थकबाकीदारांची यादी बोर्डावर लागली. दुसऱ्या दिवशी बी विंगमधल्या एक आजी हळूहळू जिना उतरून ऑफिसात आल्या. पावती टेबलावर ठेवून म्हणाल्या, "भाऊ, सही तुमचीच आहे ना?"

सही माझीच होती. यादी लगेच काढली, संध्याकाळी घरी जाऊन माफी मागितली. आजींनी चहा दिला. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांचं नाव वाचलं होतं, ते कसं पुसणार?

त्या रात्री पावतीपुस्तक घेऊन सगळ्या चौकटी पुन्हा तपासल्या. मॅक्रोही बदलला. आता तो डबल क्लिक केल्यावरच चालतो आणि आधी पावती नंबर विचारतो. नंबर चौकटीत उतरल्याशिवाय हिरवा रंग येत नाही. शिवाय यादी लावण्याआधी सेक्रेटरी ती पावतीपुस्तकाशी ताडून बघतात.

नव्या खजिनदारांना एवढंच सांगतो : फाइल मॅक्रोसकट सेव्ह करा, नाहीतर मॅक्रो उडून जाईल. आणि रंग बघून कोणाला थकबाकीदार म्हणू नका. सभासदांना विनंती, पावती जपून ठेवा. चूक दिसली तर आजींसारखे सरळ ऑफिसात या.