आकड्यात न बसणारा कामगार
(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



अग्निशमनाचे शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. वायूच्या टाक्यांच्या सुरक्षिततेवर देशभर देखरेख करणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालयही येथेच आहे. कामगार राज्य विमा योजना १९५४ च्या जुलैत या शहरात सुरू झाली; मुंबईला ती त्यानंतर पोचली. अशा शहरात वाडीपासून कामठी रस्त्यापर्यंत मोटारी दुरुस्त करणारा कामगार कितपत सुरक्षित आहे, हा प्रश्न आज विचारावयाचा आहे.

या धंद्यातील काही धोके उघड दिसतात. नुसत्या जॅकवर तोललेली मोटार घसरते. खाली लोखंडी घोडी लावली की हा अपघात टळतो. न दिसणारे धोके अधिक कपटी होत. ॲस्बेस्टॉसयुक्त ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडविली की ती फुप्फुसात शिरते आणि रोग वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो. फवारणीच्या रंगातील आयसोसायनेटमुळे दमा जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवू शकत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, दुरुस्तीचा पुरा खर्च ग्राहकाच्या बिलात येतच नाही. मुखवटा व हवा खेचणारे पंखे यांवर वाचविलेला पैसा पुढे कामगाराच्या घरातून दवाखान्याच्या खर्चाच्या रूपाने वसूल होतो. तोवर त्याने चार गॅरेजे बदललेली असतात. जबाबदार मालक कोण, हे ठरतच नाही.

मग कायदा काय करतो? १९४८ च्या कारखाना कायद्याने दुरुस्ती ही उत्पादनप्रक्रियाच मानली होती आणि वीज वापरणाऱ्या जागेत १० कामगार असले की तो लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेत 'कारखान्या'साठी हा आकडा २० झाला आहे. दहाहून कमी कामगारांची गॅरेजे तर सामान्यतः संहितेच्या बाहेरच राहतात. विषारी वाफ मात्र माणसे मोजून फुप्फुसात शिरत नाही! कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितले आहे. त्या हक्काला आकड्याची अट कशी असू शकेल?

छोटा गॅरेजवाला स्वतःच अंगमेहनत करणारा असतो, त्याला हा खर्च झेपणार नाही, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. म्हणूनच आपल्या मागण्या दोन पातळ्यांवर हव्यात. चकचकीत शोरूमच्या मागे कंत्राटी माणसे राबविणाऱ्या मोठ्या विक्रेत्यांकडून कायद्याची पुरी अंमलबजावणी व्हावी आणि कंत्राटी कामगारही हजेरीत मोजले जावेत. छोट्यांसाठी सार्वजनिक खर्चाने सामाईक रंगकाम-गृहे उभारावीत. धोक्याची कामे अधिसूचित करून आकड्याची अट काढण्याची तरतूद संहितेतच आहे. तिचा वापर केंद्र सरकारने करावा.

कार्यकर्त्यांनी गॅरेजागणिक जाऊन माणसे, कामे आणि आजार यांची नोंद करावी. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी लढा उभा राहत नाही.