पोपटाची चोंच आणि भूल

औशासारख्या गांवीं घरच्या लव्हबर्डाची चोंच वाढून वांकडी झाली, तो दाणा टिपेनासा झाला, म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, घरींच कापून टाकूं. दुसरा भुलीच्या नांवानेंच घाबरतो. (देशी हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें पाळतां येत नाहीं, म्हणून गोष्ट या परदेशी पाखराचीच.)

चोंच म्हणजे नुसतें नख नव्हे. वरचें कवच निर्जीव, परंतु आंत हाड, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. कवचाचें टोंक कानशीनें झिजविण्यास सराईत वैद्याला बहुधा भूल लागत नाहीं. चोंच फुटून तार अगर टांका घालावयाचा असेल, तेव्हां मात्र भूल न देणें हें क्रौर्यच होय. एवढ्याशा या जीवांत सारें रक्त अगदींच थोडें. धडपडींत गेलेले थोडे थेंबहि जड पडतात.

भुलीचें भय अगदींच खोटें नाहीं. आयसोफ्लुरेनची वाफ हुंगवितांच पक्षी लवकर गुंगतो, लवकर शुद्धीवरहि येतो. पण अंग झपाट्यानें गार पडतें, म्हणून ऊब राखावी लागते. मात्र भुलीवांचून धरणेंहि निर्धोक नव्हे. पक्ष्याला श्वासपटल नसतें. छाती मुठींत आवळली कीं श्वासच कोंडतो. मायेनें घट्ट धरणारे हेंच विसरतात!

जिल्ह्यांतच उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथें श्रोत्यांनीं प्रथम विचारावें तें हें, कीं चोंच वाढली कां? खरजेच्या किड्यानें कीं यकृताच्या विकारानें? यकृत बिघडलेल्या पाखराला भूल अधिक धोक्याची. तेव्हां हें उत्तर आधीं, कानस मागाहून.